पडल्या झाडाचं गाऱ्हाणं

मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादक बाई मला म्हणाल्या, "जनूकाका, तुमचा अमेरिकेतला प्रवास लिहा ना." प्रवास विमानातून झाला. खिडकी मिळाली नव्हती, त्यामुळे लिहिण्यासारखं काही दिसलं नाही. म्हणून मी झाडांबद्दल लिहितो. ते मला येतं. शाळा माझी चौथीपर्यंत झाली, तीसुद्धा मास्तर आमच्या पडवीत राहायचे म्हणून. ऱ्हस्व-दीर्घ बाईंनी बघून घ्यावं. बाकी काही बदलू नये.

माझी बायको सुमन नर्स. अमेरिकेला नर्स हव्या होत्या, म्हणून तिला बोलावलं. मी तिच्या सामानात आलो. गावी, मालवणच्या बाजूला, मी पाडेली होतो. पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. इथे मिशिगनमध्ये माड नाहीत. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

सुरुवातीला घरी बसून होतो. मग आमच्या गल्लीत झाडं तोडणाऱ्यांचा ट्रक आला. मालक हँक, दारात उभा राहिला तर दार दिसू नये एवढा माणूस. मी खुणेनं सांगितलं, मला चढता येतं. त्यानं एका पाइनकडे बोट केलं. मी बूट काढले. तो म्हणाला, बूट घाल. मी म्हटलं, बुटानं झाड चढतात का? तो म्हणाला, माझ्या झाडावर बुटानंच चढतात. बराच वेळ आम्ही दोघं उभे. शेवटी थंडीनं त्याच्या बाजूनं निकाल दिला.

वर गेल्यावर कळलं की माझी निम्मी अक्कल इथे कामाची नाही. माडाला फांद्या नसतात. इथलं झाड म्हणजे नुसत्या फांद्या, आणि त्यातली प्रत्येक वेगळी वागते. ते सगळं मला हँकनं शिकवलं. बाहेरच्या माणसाला वाटतं झाड तोडणं म्हणजे करवत चालवणं. करवत कुणीही चालवतो. फांदी कुठे दबली आहे आणि कुठे ताणली आहे हे ओळखणं, हे काम. वादळात वाकलेली फांदी धनुष्यासारखी असते. चुकीच्या बाजूनं कापली की ती सुटते, आणि मधे जो असेल त्याला घेऊन सुटते.

त्याहून वाईट म्हणजे मुळासकट उपटलेलं झाड. झाड आडवं होतं तेव्हा मुळं मातीसकट उभी राहतात, भल्यामोठ्या तव्यासारखी. तव्यामागे खड्डा असतो. खोड कापलं की तव्यावरचं वजन जातं, आणि तवा खाडकन परत खड्ड्यात बसतो. लोकांना हे माहीत नसतं. मुलं त्या खड्ड्यात खेळतात. मोठी माणसं आत उभं राहून फोटो काढतात. म्हणून झाड पडलं की पहिलं काम, खड्ड्याजवळ कुणाला जाऊ द्यायचं नाही.

आता गाऱ्हाण्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. आमच्या कोकणात कुठलंही मोठं काम काढलं की आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एक माणूस मोठ्यानं देवाशी बोलतो, सगळ्यांचं बरं कर म्हणतो, आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे म्हणतात, "व्हय म्हाराजा!" जो ऐकेल त्यानं म्हणायचंच. गोठ्यात असाल तर गोठ्यातून, विहिरीत उतरलेले असाल तर विहिरीतून. लहानपणी मी एकदा गप्प राहिलो तर पाठीत धपाटा बसला होता. तेव्हापासून तोंडाला सवय.

हँककडच्या पहिल्या वादळाच्या दिवसात मी एका ओकसमोर उभा राहून पुटपुटत होतो. हँकनं विचारलं, कुणाशी बोलतोस? म्हटलं, देवाशी, आणि थोडं झाडाशी. त्यानं विचार केला. मग टोपी काढली. म्हणाला, आम्ही काय म्हणायचं? मी सांगितलं. त्या दिवसापासून आमच्या गँगमध्ये पहिल्या कापाआधी गाऱ्हाणं व्हायचं. मी म्हणायचो, "बा देवा म्हाराजा! तुझी ही लेकरां आज ह्या झाडाक हात लावतत. चुकला-माकला पदरात घे, हात-पाय शाबूत ठेव, आणि सगळ्यांका सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा!" आणि हेल्मेट घातलेले गोरे, एक काळा आणि दोन मेक्सिकन एका सुरात ओरडायचे, "व्हय म्हाराजा!" एका गिऱ्हाइकाला वाटलं ती कंपनीची जाहिरात आहे. एकीचा कुत्रा घाबरून सोफ्याखाली गेला तो झाड ट्रकमध्ये भरेपर्यंत आला नाही.

गिऱ्हाइकं सगळ्या तऱ्हेची. एका बाईंना झाड नको होतं पण त्यावरची खार हवी होती. एका गृहस्थाला दुभंगलेलं झाड बोल्ट लावून परत जोडून पाहिजे होतं. आपले मराठी लोक चहा देतात, हे बरं. पण ते झाडाखाली उभे राहून फोन वर धरतात आणि म्हणतात, "काका, इकडे बघा ना, फॅमिली ग्रुपवर टाकायचंय!" मी वर दोरीला लटकलेला. हातात चालू करवत. इकडे बघू म्हणजे कुठे बघू?

हँकची पाठ गेली तेव्हा कंपनी त्याच्या मुलीनं घेतली. मेगन. कॉलेजात जंगलाचंच शिकलेली. झाडांचं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. हे लिहायला मला त्रास होतो, पण कळतं. झाडाच्या बुंध्याला कान लावून आत पोकळ आहे की नाही ते सांगायची, आणि बरोबर निघायचं. तिच्यात एकच दोष, ती माझ्याइतकीच हट्टी.

झालं असं की कुणा गिऱ्हाइकानं आमच्या गाऱ्हाण्याचा व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकला. खाली लोकांनी वाटेल ते लिहिलं. हे झाडाची पूजा करतात की खून, असं. मेगन म्हणाली, "जॉन, हे बंद. कामाआधी आपण सेफ्टीचं बोलू. कोण कुठे उभा, कुणी कुठे पळायचं. देवाशी काय बोलायचं ते ट्रकमध्ये बोल." (अमेरिकेत मी जॉन. जनार्दन त्यांच्या तोंडात मावत नाही.)

मी म्हटलं, "ट्रकमध्ये झाड नसतं."

"पुन्हा केलंस तर गँगमधून बाहेर," ती म्हणाली. आणि मेगन नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाही.

त्यानंतर काही दिवस मी मनातल्या मनात म्हणत होतो. मनातल्या गाऱ्हाण्याला व्हय कोण म्हणणार? मला जेवण जाईना. सुमन म्हणाली, "काम सोडा नाहीतर हट्ट सोडा. दोन्ही धरून माझ्या डोक्यावर बसू नका."

मग ते वादळ आलं.

जानेवारीचा महिना. एरवी त्या दिवसांत जमीन दगडासारखी गोठलेली असते आणि झाडाला घट्ट धरून ठेवते. त्या वर्षी मधेच ऊब आली, पाऊस पडला, जमीन चिखल झाली. आणि त्यावर वारा सुटला. इथला हिवाळ्यातला वारा आमच्या समुद्रावरच्या वाऱ्यासारखा येत-जात नाही. तो मालगाडीसारखा येतो आणि डबे संपतच नाहीत. आमच्या घराची भिंत कुरकुरत होती. शेजाऱ्याचा ट्रॅम्पोलिन आमच्या अंगणात आला. दुसऱ्या दिवशी शेजारी तो न्यायला आला तेव्हा त्याच्या हातात आमचं कचऱ्याचं पिंप होतं. आम्ही अदलाबदल केली.

सकाळी वारा पडला आणि थंडीनं पकडलं. वीज सगळीकडे गेलेली. घरं आतून गार पडायला लागली, नळ फुटायला लागले. आमचे फोन थांबेनात. रस्त्यावर तारा, तारांवर फांद्या, एका चर्चच्या कळसाला कुणाचा तरी फुगवलेला सांताक्लॉज.

नोव्हाय गावातलं एक घर आपल्याच माणसाचं निघालं. नितीन, गाड्यांच्या कंपनीत इंजिनीअर, पुण्याचा. त्याच्या मागच्या अंगणातला मोठा स्प्रूस मुळासकट उपटून गॅरेजवर पडला होता. स्प्रूसची मुळं उथळ, चटई पसरल्यासारखी. तवा माझ्या डोक्याच्या वर गेला होता. गॅरेजचं छप्पर दबलेलं, आणि वरून अजून खाली येत होतं. त्या गॅरेजच्या भिंतीला गॅसचा पाइप. म्हणून घाई.

मेगननं नितीनला विचारलं, "घरात कोण आहे?"

"नो वन. बायको-मुलं फ्रेंडकडे आहेत. माझे वडील, आप्पा, इंडियातून आलेत, ते गाडीत बसलेत. हीटर लावून दिलाय."

रस्त्यावर गाडी उभी होती, धूर सोडत. ठीक.

ट्रकच्या यारीनं, म्हणजे क्रेननं, आम्ही खोडाचा वरचा भाग दोरात धरला, म्हणजे कापल्यावर तो छपरात अजून घुसू नये. कापायचं मी. दोर धरायचा डेलनं. डेल आमचा जुना गडी, दाढीवाला, कमी बोलणारा. मी करवत घेऊन बुंध्याशी उभा राहिलो. मेगननं सेफ्टीचं बोलून घेतलं आणि म्हणाली, "जॉन, स्टार्ट."

मी करवत खाली ठेवली.

"काय झालं?"

"एवढं मोठं झाड. घर वाचवून पडलंय. दोन शब्द बोलायला हवेत."

"आपलं बोलणं झालंय."

"तुझं झालंय."

डेल आकाशाकडे बघायला लागला. मेगननं दातओठ खाल्ले. "छप्पर येतंय खाली. करवत उचल, नाहीतर तू आत्तापासून कामावर नाहीस."

मी हेल्मेट काढून करवतीवर ठेवलं. इतकी वर्षं झाली त्या गँगमध्ये. घरी जाऊन सुमनला काय सांगायचं, ते हेल्मेट ठेवता ठेवताच मनात जुळवत होतो, आणि जुळत नव्हतं. पण उचलायला हात वळेना. मेगन म्हणाली, "डेल, तू काप." तिनं स्वतः दोर घेतला. डेल माझ्याकडे न बघता आला, करवत उचलली.

मी चार पावलं मागे सरलो. आणि माझ्या लक्षात आलं की आता मी कामावर नाही. म्हणजे मी नुसता कुणाच्या तरी अंगणात उभा असलेला म्हातारा आहे. म्हाताऱ्यानं अंगणात उभं राहून काय बोलावं यावर मेगनचा काही हक्क नाही.

मी हात जोडले आणि पोटातून आवाज काढला. "बा देवा म्हाराजा! तुझी ही लेकरां आज ह्या झाडाक हात लावतत, रे म्हाराजा!"

कुणी काही म्हणालं नाही. पहिल्यांदाच. डेलनं मेगनकडे बघितलं. मेगननं जमिनीकडे. नितीन बिचारा तोंड उघडं टाकून उभा. 

आणि मग जमिनीतून आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

डेलच्या हातात करवत होती, अजून सुरू केलेली नव्हती. ती त्यानं अशी खाली ठेवली जशी काचेची आहे.

"हू सेड दॅट?" मेगन म्हणाली.

मीसुद्धा गार पडलो होतो. इतकी वर्षं देवाशी बोलतोय, पण त्यानं स्वतः उत्तर द्यावं अशी माझी अपेक्षा नव्हती. पण म्हटलं बघू तरी. "हात-पाय शाबूत ठेव, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तव्याच्या मागून. खड्ड्यातून.

आधी मेगन धावली, मग आम्ही. तव्यामागे खड्ड्यात एक सत्तरीचे गृहस्थ उकिडवे बसलेले. माकडटोपी, सुनेचं गुलाबी जाकीट, दोन्ही हातांत झाकणाची मोठी बादली. मेगननं त्यांना काखेत हात घालून वर ओढलं, बादलीसकट.

"आप्पा!" नितीन ओरडला. "तुम्ही गाडीत होता ना?"

"गाडीत बसून काय करू? श्रीखंडाकडे कोण बघणार, तुझा बापूस?"

"आप्पा, तुम्हीच माझे बापूस."

"मग गेलो तर खरा."

भानगड अशी होती. त्या आठवड्यात नितीनच्या घरी मंडळाचं हळदीकुंकू होतं आणि त्यासाठी बादलीभर श्रीखंड केलेलं होतं. वीज गेली, फ्रिज बंद. सगळं गार ठेवायचं म्हणून सुनेनं बाहेर ठेवायला सांगितलं. पण आप्पांनी हिशोब केला की बाहेर उघड्यावर ते दगड होईल, आणि दगड होऊन पुन्हा वितळलेलं श्रीखंड फाटतं. जमीन मात्र जास्त गोठवत नाही, नुसती गार ठेवते. वाराही लागत नाही. समोर आयता खड्डा. सकाळीच त्यांनी पळीनं माती उकरून बादली तिथे पुरून ठेवली होती. आम्ही करवती काढताना बघून त्यांना वाटलं, आता माती पडणार. म्हणून शेजाऱ्याच्या बाजूनं वळसा घालून ते बादली काढायला गेले. डोकं बरोबर चाललं होतं. जागा तेवढी चुकली.

मी विचारलं, "खंयचे तुमी?"

"कुडाळचो. आता पुण्याक असतो. तुमी?"

"मालवणाकडचो."

"गाऱ्हाणा बरा घातलास. पण मदी थांबलास कित्याक?"

"कोण व्हय म्हणत नव्हता."

"मेले लोक," आप्पा म्हणाले आणि मेगनकडे अशा नजरेनं बघितलं की तिला मराठी न येताही कळलं.

मग डेलनं खोड कापलं. मी बाजूला उभा होतो, कामावर नसलेला. खोड सुटलं आणि तवा मागे झुकला, आणि धाडकन खड्ड्यात बसला. पायाखालची जमीन हलली. खड्डा राहिलाच नाही. बुंधा सरळ उभा, जसा काही कधी पडलाच नव्हता. नितीन गोठलेल्या चिखलातच बसला. मेगनचा चेहरा पांढरा. 

आप्पा त्या जागेकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "पळी आत रवली."

परत येताना ट्रकमध्ये मेगन म्हणाली, "तू माझ्याशी भांडत नसतास तर खड्ड्याभोवती फिरून बघितलं असतंस. ते तुझं काम होतं."

मी म्हटलं, "मला कामावरून काढलं होतं."

"त्याआधी."

ती म्हणते त्यात तथ्य आहे, असं सुमन म्हणते. मी म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा ट्रकमध्ये जाऊन बसलो. मेगननं ट्रक सुरू केला. पहिल्या घरी सगळे उतरले. मी बसून. ती आली, काचेवर टकटक केली.

"येतोस ना?"

"मला कामावरून काढलंय."

"मग माझ्या ट्रकमध्ये काय करतोस?"

मी समोर बघत राहिलो. तिनं दार उघडलं. मग म्हणाली, "आधी खड्ड्याभोवती फिरायचं. मग ते तुझं म्हणायचं. आणि उत्तरं किती आली ते मी मोजणार. जितकी माणसं तितकीच पाहिजेत. एकसुद्धा जास्त चालणार नाही."

अशी पद्धत पडली. गाऱ्हाणं मी घालायचो आणि मेगन बोटांवर व्हय मोजायची. देवाला त्यात काही कमीपणा वाटला असेल तर त्यानं मला सांगितलं नाही. फोनवाल्यांसमोर मेगनसुद्धा व्हय म्हणून ओरडायची. तिचा आवाज हँकवर गेलाय.

गुडघे गेल्यावर मी काम सोडलं. गाऱ्हाणं डेलला शिकवलं. तो "शाबूत" म्हणताना अडखळतो. मधेच कुणा मावशीचं नाव घेतो, ते कुठून आलं मला माहीत नाही. पण आवाज आहे.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा तसाच वारा आला. आमच्या मागच्या मेपलला एक मोठी चीर होती. मेगन दोन-तीनदा म्हणाली होती, हे काढ. मी म्हटलं होतं, झाडांचं मला सांगू नको. ते वाऱ्यात फाटलं आणि अर्धं आमच्या स्वयंपाकघराच्या छपरावर आलं. मी माळ्यावरून जुनी करवत काढली. सुमननं ती माझ्या हातून घेतली आणि माझ्यामागे कुणाला तरी फोन केला. तासाभरात ट्रक दारात.

मेगन म्हणाली, "जॉन, सुमन, बाहेर. घर रिकामं पाहिजे."

सुमन घाईत कोट घालून मोज्यांवरच बाहेर गेली. मी नाही गेलो. स्वतःच्या घरातून, स्वतःच्याच झाडासाठी, कालच्या पोरांनी मला बाहेर काढायचं? आणि मेगननं सांगितलेलं झाड ते. बाहेर उभं राहून तिच्या तोंडाकडे बघायची माझी तयारी नव्हती. मी दिवाणखान्यात खुर्चीवर बसलो. पडदा ओढला. बाहेर त्यांना वाटलं असेल, मी पुढच्या दारानं गेलो.

पडद्याआडून डेलचा आवाज आला. "बा देवा म्हाराजा!" मग ती मावशी. मग अडखळत, "हात-पाय शा... शाबूत ठेव, रे म्हाराजा!"

मी तोंड मिटून बसलो होतो. पक्कं ठरवून. पण तोंडाला ते कुणी सांगितलं नव्हतं.

"व्हय म्हाराजा!" मी म्हणालो.

बाहेर सगळं थांबलं.  मेगनचा आवाज आला, शांत, "वन टू मेनी." एक जास्त. मग पायऱ्यांवर बूट वाजले, आणि दारावर टकटक.

मागून सुमन मराठीत ओरडली, "येताना माझी चप्पल आणा. आणि स्वतःला आणा."

मी दोन्ही आणलं.